कुणीही लिहावं असं पान

आर्डिस हाउगनला पहिल्या दिवसापासूनच त्या विकीचा वीट आला होता. मोठ्या शहरातून एक प्रशिक्षक आला, त्यानं एल्क फोर्ड गावच्या ग्रंथालयातल्या सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि सांगितलं, की यापुढे जे काही लिहायचं ते सगळ्यांनी मिळून. इंटरनेटवर एक जागा, तिलाच विकी म्हणायचं. तिथं कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. दर आठवड्याला प्रत्येकानं काहीतरी लिहिलंच पाहिजे, आणि जो जास्त लिहील त्याला गाणी ऐकायचं यंत्र बक्षीस. पन्नाशी ओलांडलेल्या बायका त्या एवढ्याशा डबीसाठी हरखून गेल्या. शी! आर्डिसला बघवेना.

लिहायचं काय, हे मात्र कुणाला सुचेना. आधी हॉटडिशच्या, म्हणजे एकाच भांड्यात भट्टीत भाजायच्या जेवणाच्या, पाककृती आल्या. बटाट्याचं, शेवयांचं, परत बटाट्याचंच. मग झेरॉक्समध्ये कागद अडकला तर काय करावं, ते आलं. आणि मग देवघेवीच्या काउंटरवरच्या जोलीननं 'आमची मंडळी' नावाचं पान उघडलं, आणि सगळ्यांच्या बोटांना खाज सुटली.

सुटणारच. एल्क फोर्डात कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या पायरीवर घाण करून गेलं, तरी माणूस म्हणणार, "गोड आहे हो कुत्रं तुमचं." वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं आता त्या पानावर ओकलं जात होतं. खूण म्हणून पुस्तकात बेकनची पट्टी ठेवणारी बाई. फोनवर खेकसणारे पाद्रीबाबा. आणि ऑर्व्हल नीस्टून.

ऑर्व्हलनं शाळेची बस चालवली होती. जोलीन त्याच बसमधून शाळेत गेली, आर्डिसची पोरंही गेली. बायको गेल्यावर तो रोज ग्रंथालयात येऊ लागला. वर्तमानपत्रांच्या खोलीत, हीटरजवळच्या खुर्चीत बसायचा, ओळन् ओळ वाचायचा. या हिवाळ्यात मात्र त्याच्या अंगाला वास मारू लागला होता. ते खोटं नव्हतं. हीटर तापला की खोलीत पाऊल ठेववत नसे, आर्डिसलाही. पण म्हणून असं लिहायचं?

"लोणचं," त्याला असं नाव ठेवून पानावर लिहिलं होतं. "राहण्याची जागा: हीटरपाशी. वास: आंबलेलं दूध, ओले मोजे. उपाय: पंखा लावा. हेही पाहा: खुर्च्या पुसण्याचा साबण." खाली तिघींनी भर घातली होती. एकीनं तर आणखी वासही सुचवले होते.

आर्डिस तडक चहाच्या खोलीत गेली. जोलीन लेमन बारची वडी खात होती.

"जोलीन, लाज नाही वाटत? त्या माणसानं थंडीवाऱ्यात तुला शाळेत पोचवलं."

"अगं, गंमत आहे! आपल्या आपल्यात," जोलीन बोटं चाटत म्हणाली. "आणि खरं सांग, तुला येत नाही वास?"

"येतो. मग जाऊन सांग त्याला."

"मी? तोंडावर?" जोलीनचा चेहरा असा झाला, की जणू तिला कुणी भर चौकात कपडे काढायला सांगितलं. "बाई गं, काहीतरीच काय!"

आर्डिसनं ते पान पुसून टाकलं. दुपारी बघते तर परत हजर. जुनं परत आणायचं एक बटण होतं, तेवढं बरोबर शिकल्या होत्या सगळ्या. तिनं पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. शेवटी ती ग्रंथालयाच्या प्रमुख मर्नाकडे गेली.

"मर्ना, ते पान काढ. आपल्या दारातून आत येणाऱ्याचं आपण बाहेर बोलत नाही. एवढी एकच तर इज्जत आहे आपल्या धंद्याला."

"आर्डिस, किती मनाला लावून घेतेस गं," मर्ना गोड हसली. "सगळ्यात जास्त हात त्याच पानाला लागलेत. आता कुठे बायका शिकताहेत. आणि ते आपल्यालाच तर दिसतं."

आपल्यालाच! पानाला कुलूप लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर ग्रंथपालाची जित्याची खोड: वस्तू हुडकणाऱ्याला चटकन सापडेल अशी ठेवल्याशिवाय त्याला झोप येत नाही. जोलीननं त्या पानाला नीट विषय लावले होते. एल्क फोर्ड, ग्रंथालय, वाचक, दुर्गंधी. इतक्या निगुतीनं तिनं कधी पुस्तकंही लावली नव्हती. परिणाम असा, की इंटरनेटवर कुणी गावाच्या ग्रंथालयाचं नाव टाकलं, की उघडायच्या-मिटायच्या वेळांच्याही आधी हेच पान वर यायचं.

शुक्रवारी हिमवादळाचा इशारा होता. उद्या ग्रंथालय उघडं आहे का, हे बघायला ऑर्व्हल संगणकापाशी बसलेला आर्डिसनं पाहिला होता. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, पण कुणाला कशाला त्रास द्या, असा त्याचा स्वभाव.

शनिवारी वादळ आलं नाही. ऑर्व्हलही आला नाही. आर्डिसनं ते पान पुन्हा एकदा पुसायला उघडलं, तर त्यावर नवा मजकूर होता. 'लोणचं' खोडलेलं, आणि तिथं लिहिलेलं:

"नाव ऑर्व्हल नीस्टून. घरातले पाइप गोठून फुटले आहेत, वसंतापर्यंत पाणी नाही. मला स्वतःला तो वास येत नाही, नाहीतर आलो नसतो. आता पंख्याची गरज पडणार नाही. चूक दिसल्यास कुणीही सुधारावी असं खाली लिहिलं होतं, म्हणून सुधारली."

मर्नानं तिच्या खांद्यावरून डोकावलं. "अय्या, वाचकसुद्धा लिहायला लागले! शहरात कळवायला हवं," ती म्हणाली. मग तिनं पुढचं वाचलं आणि आपल्या खोलीत निघून गेली. जोलीन काउंटरवर हुंदके देत होती. आर्डिसला त्या रडण्याचीही किळस आली.

तिनं कोट चढवला आणि भर कामाच्या वेळेत गाडी काढली.

ऑर्व्हलनं दार अर्धंच उघडलं. आतून तो वास आला, घरात कोंडून दुप्पट झालेला. आर्डिस पायरीवरून हलली नाही. या गावात जन्मात कुणी कुणाला बोललं नसेल, ते ती बोलली.

"ऑर्व्हल, तुमच्या अंगाला वास येतो. फार येतो. हे तुम्हाला आम्ही केव्हाच, तोंडावर सांगायला हवं होतं. माझ्याकडे गरम पाणी आहे, धुवायचं मशीन आहे. कपडे घ्या आणि चला. तुमची खुर्ची कुठे जात नाही."

ऑर्व्हल तिच्याकडे बघत राहिला. रागानं नाही. शाळेत सोडताना पोरांकडे बघायचा तसा, सगळी नीट उतरली ना, अशा नजरेनं.

"श्वास घे, आर्डिस," तो हळूच म्हणाला.

दार उघडल्यापासून, एवढं सगळं बोलताना, आपण श्वास रोखून धरलाय, हे तिला तेव्हा कळलं. तिनं घाईनं श्वास घेतला, आणि तिचं तोंड वाकडं झालं ते त्यानं पाहिलं.

"आलीस, बरं वाटलं," ऑर्व्हल म्हणाला. "रस्ता घसरडा आहे. जपून जा."

आणि त्यानं दार लावून घेतलं.