चावी देवघरात होती

मित्रांनो, मी चाकाचा एक जुना लॉक नट आहे. माझे तोंड आता फाटले आहे. बुलढाण्यातल्या एका देवघरात, समईच्या उजेडाच्या काठाशी मी पडून असतो.

कारखान्यात माझ्या माथ्यावर एक वेडीवाकडी नक्षी कोरली गेली आणि तिचा उलटा ठसा एका छोट्या चावीत उतरला. जगात ओळखण्यासाठी मला तो एकच चेहरा मिळाला. बाकी सारे पाने माझ्यासाठी परके.

जिल्हा परिषदेत लिपिक असलेल्या आल्हादच्या गाडीची रुपेरी अलॉय चाके एकदा घरासमोरून चोरीला गेली होती. गाडी विटांवर उभी होती, चालणे विसरल्यासारखी. नवी चाके आली तेव्हा प्रत्येक चाकाच्या चार नटांत एक आमच्या जातीचा बसला. पुढे मेहकरला एका मंगल कार्यालयामागे, आत मंगलाष्टके चालू असताना, शेजारच्या गाडीची चाके गेली. चोराचा पाना आमच्यावरही फिरला, पण आम्ही हललो नाही. त्या दिवशी आल्हादने स्वतःच्या रुमालाने माझे तोंड पुसले. नंतर मात्र माझ्यावर चिखल वाळत राहिला. राखणदाराची आठवण चोरी होईपर्यंतच असते.

गेल्या भाऊबीजेला आल्हादची आई सत्यभामाबाई सोनाळ्याला निघाल्या. त्यांचे धाकटे भाऊ उत्तमराव दर वर्षी स्वतः बुलढाण्याला यायचे. या वेळी आजारपणाने त्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता. संग्रामपूर मागे पडले आणि माझ्याच चाकात खिळा घुसला. समोरच रहेमतुल्लाचे पंक्चरचे दुकान होते. त्याने तीन नट सैल केले, माझ्यापाशी आला आणि थांबला.

"साहेब, याची चावी द्या."

आल्हादने डिक्की उपसली. "आई, ते छोटी चावी पाह्यली का तू?"

"देवघरात हाय."

"देवघरात? काऊन?"

"खंडेनवमीले पान्यासोबत पुजली. मंग वाटलं, चाकं राखते ते, तर देवापाशीच बरी."

रहेमतुल्ला हसला. "मावशी, चोराचा बंदोबस्त केला, अन् घरवाल्याचाबी."

तेवढ्यात उत्तमरावांच्या सुनेचा, समीक्षाचा फोन आला. "आत्याबाई, कुठी हा तुम्ही? मामाजीनं इन्सुलिन घेतलं, अन् आता जेवून नाही राह्यले. म्हणतेत, ताईनं ओवाळल्याबिगर नाही. साखर उतरली वाटते, हात थरथर कापून राह्यले त्यायचे."

"त्याले दे फोन. उत्तम, साखर टाक तोंडात."

"तू ये. मंग खातो."

भरलेली बस न थांबता निघून गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मोटारसायकलवर बसणे सत्यभामाबाईंना शक्य नव्हते. रहेमतुल्लाने नटावर बसणारी पान्याची जुनी पोकळ गोटी, म्हणजे सॉकेट, माझ्या माथ्यावर टेकवली आणि ती ठोकून बसवायला हातोडा उचलला.

"चाकाले चरा पडंल," आल्हाद पुटपुटला.

"पडू दे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "फोड बाबा."

मित्रांनो, त्या क्षणी मला उघडायचे होते. पण लोखंडाला मन बदलता येत नाही. प्रत्येक घावाला मी चोराला अडवावे तसा अडत राहिलो आणि समोर एक बहीण उभी होती. अखेर माझी नक्षी चिरडली, माथा फाटला, आणि मी फिरलो. इतका मोकळा मी कधीच झालो नव्हतो.

स्टेपनी तीन नटांवर बसली. मी सत्यभामाबाईंच्या मुठीत होतो, अजून कढत. सोनाळ्याच्या त्या घरात पाट मांडला होता, निरांजन तयार होते. उत्तमराव भिंतीला टेकून घामाने निथळत होते. सत्यभामाबाईंनी ताटाकडे पाहिलेच नाही. त्यांनी मला खाली टाकले आणि साखरेची चिमूट भावाच्या ओठांशी नेली.

"आधी ओवाळ," ते क्षीणपणे म्हणाले.

"आधी खा. ओवाळणं काही पळून नाही जात."

त्यांनी खाल्ले. कंप थांबला, पोटात दोन घास गेले, मग निरांजन लागले.

आता चावी डिक्कीत स्टेपनीला बांधलेली असते आणि देवघरात तिच्या जागी मी आहे. आमची पूजा अवश्य करा, मित्रांनो. हळदकुंकू वाहा. पण संध्याकाळी आम्हाला आमच्या जागी परत ठेवा. कुठेतरी कुणीतरी तुमच्यासाठी जेवायचे थांबलेले असते.