मुठीत लपणारी पात

मित्रांनो, मी भात खुडायची एक जुनी पात आहे. माझं नाव अनी-अनी. बोटभर लाकडी पट्टी, तिच्या कडेला इवलंसं पोलादी पातं आणि धरायला बांबूची कांडी, एवढाच माझा देह. तळहातात मी अशी दडते, की समोरून दिसत नाही. मुद्दामच तशी घडवली आहे मला. जावा बेटावर, मेरापी ज्वालामुखीच्या डोंगराखालच्या आमच्या केडूच्या शिवारात भात म्हणजे देवी श्री. हत्यार दिसलं की ती घाबरते.

पाइनेमबाईंनी तीस वर्षं मला वापरलं. त्या एकेक लोंबी पारखून खुडायच्या. बाया म्हणायच्या, "पाइनेमच्या बियाण्यात पोचट दाणा शोधून दाखवा." ते ऐकून मी फुगून जायचे.

मग विळे आले. पाइनेमबाईंची सून वार्तिनी विळ्याने झपाझप कापू लागली.

"अगं, बियाण्यापुरतं तरी हिने खुड," पाइनेमबाई म्हणाल्या.

"आई, तुमची देवी विळ्याला घाबरते, मग या धगधगत्या डोंगराखाली राहते कशी?"

सगळ्या हसल्या. पाइनेमबाईही हसल्या. घरी येऊन त्यांनी मला पुसलं आणि चुलीवरच्या तुळईत खोचून ठेवलं. मला फार वाईट वाटलं. तिथे मी सात वर्षं धूर खात राहिले.

यंदा भात पिवळं होत असतानाच डोंगराने दोन दिवस राख ओकली. पीक आडवं झालं. विळा घातला की भरल्या लोंब्यांबरोबर सडक्याही हातात येत. आमच्या घरचं हे उंच, जुन्या वाणाचं भात गावात दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं. आता बियाणं गेलं असतं, तर ते कायमचं गेलं असतं.

वार्तिनी राखेने माखलेली घरी आली. "आई, ती पात कुठंय?"

पाइनेमबाईंची बोटं आता वळत नाहीत. त्या बांधावर बसून सांगत होत्या, "ती नको, मागची घे. आधी राख झटक." तीन दिवसांत बियाण्यापुरती टोपली भरली.

पहिल्या लोंबीला हात घालताना वार्तिनीने मला मुठीत पूर्ण झाकून घेतलं होतं. सासूने ते पाहिलं.

"आता लपवतेस होय?"

"आधीच घाबरलीय ती, आई," वार्तिनी हळूच म्हणाली.

मित्रांनो, मला रोज वापरा, असं मी म्हणत नाही. फक्त गंजू देऊ नका. हलक्या हाताची गरज कधी पडेल, सांगता येत नाही.