फांदीची उंची

मंडळाच्या पंचविसाव्या वर्षी बास्केटबॉलमधला 'सर्वश्रेष्ठ खेळाडू' निवडायचं ठरलं आणि ते काम सेक्रेटरी सखारामने हसत हसत राघोच्या गळ्यात घातलं. नावं दोनच होती, गोमाजी आणि कान्हा. दोघांचाही ऐन भरातला खेळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच, राघो. गोमाजी त्याचे सासरे आणि कान्हा सख्खा धाकटा भाऊ, ही सखारामला अडचण वाटली नाही. निम्मं मंडळ आपल्यावर रुसणार, ते आता राघोवर रुसेल, एवढा हिशेब त्याने केला होता.

राघोचा हिशेब मात्र कुठूनच जुळेना. तो, बायको शेवंती आणि कान्हा, तिघंही नौपाड्यात गोमाजींच्याच दोन खोल्यांत राहत होते. सासरे हरले तर छप्पर जाणार. कान्हा हरला तर सर्वश्रेष्ठचा दाखला जाणार, त्या दाखल्यावर टेकलेली स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी जाणार आणि नोकरीच्या भरवशावर भावांनी डोंबिवलीला हेरून ठेवलेली जागाही. एकाला निवडलं तर घराबाहेर, दुसऱ्याला निवडलं तर जन्मभर घरात.

जेवायला बसलं की सुरू. गोमाजी म्हणायचे, आमच्या वेळी लांबून टाकलं तरी दोनच गुण. तुमच्यासारखे तीन मिळाले असते तर ढाली ठेवायला मंडळाला कपाट पुरलं नसतं. कान्हा आमटी ओरपत विचारायचा, पण मामा, समोर अडवायला होतं कोण? राघोने एकदा, दोघंही आपापल्या काळात थोर, असं म्हणून पाहिलं. शेवंतीने त्याच्या पानात भात वाढला.

"हे जावयाचं उत्तर झालं. पंचाचं सांगा."

शेवटी सभेत त्याने खरं ते सांगून टाकलं. जुन्या मातीच्या मैदानात बास्केटच्या अलीकडे जांभळाची फांदी आडवी आलेली. गोमाजी तिच्याखालून चेंडू सपाट मारायचे, फांदीच्या खुणेनेच नेम धरायचे. सिमेंट आलं, झाड गेलं, तसा नेमही गेला. ते सांगतात ते गुडघ्याचं दुखणं नंतरचं. आणि कान्हाचा चेंडू आभाळात जाऊन खाली येतो. फांदी असती तर त्याचं खातंही उघडलं नसतं.

सासरा आणि भाऊ जन्मात पहिल्यांदा एका बाजूला झाले. गोमाजी म्हणाले, बांबू आडवा धरा, आजही घालून दाखवतो. कान्हा म्हणाला, मीसुद्धा. धरणार कोण, हा प्रश्नच नव्हता. फांदीची उंची राघोलाच ठाऊक.

रविवारी टेबलावर स्टूल, स्टुलावर राघो आणि त्याच्या डोक्यावर आडवा बांबू, अशी उतरंड बास्केटपुढे उभी राहिली. स्टूल डुगडुगत होतं म्हणून शेवंतीने स्टुलाचे पाय धरले. सगळं मंडळ कट्ट्यावर.

"जावईबापू, खाली घ्या. एवढी वर नव्हती."

"दादा, वर घे ना."

राघोने डोळे मिटून ती फांदी आठवून पाहिली. ती आता त्यालाही नीट आठवेना. एक हात आपोआप वर गेला, दुसरा खाली आला, बांबू तिरका झाला.

"कुणाकडे झुकताय ते खालून दिसतंय हं मला," शेवंती म्हणाली.

गोमाजींनी चेंडू काखेत धरला आणि ते खाली सिमेंटवर बसले.

"ठरवा सावकाश. मला घाई नाही."

"मलाही नाही," म्हणत कान्हा त्यांच्या शेजारी टेकला.

राघोचे दंड थरथरू लागले. खाली उतरायचं तर आधी बांबू कुणाच्या तरी हातात द्यायला हवा होता, आणि पुढे कुणीच येईना.