न पुसलेल्या खुणा

या मायबापहो, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट जागेपणी ऐकायची आहे. संशय माणसात कसा शिरतो, त्याची गोष्ट.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली, शहर मात्र चिकलठाण्याच्याही पुढं वाढत चाललेलं. तिथल्या एका लहान कंपनीत सुकेशनी टेस्टिंग करायची. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा आभासी कॉम्प्युटर चालतो; बाहेरचा यजमान, आतला पाहुणा. हा पाहुणा मेमरीची कोणती पानं वापरतो, ते यजमानाला कळावं लागतं. म्हणून यजमान प्रत्येक पानावर 'हे पडून आहे' अशी खूण करतो. पाहुण्यानं पानाला हात लावला की खूण पुसली जाते. सुकेशनी पाहुण्याला सगळ्या पानांवरून फिरवायची आणि मागं किती खुणा उरल्या ते बघायची. थोड्या उरल्या तर चालतं.

त्या आठवड्यात ढीगभर उरल्या.

शेजारच्या खुर्चीतल्या अजिनाथनं नुकताच या खुणा करणारा कोड बदलला होता. अजिनाथ पडेगावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याच्या बदलाआधीचे सगळे निकाल पास. मग तिला त्याचं सगळंच खटकू लागलं. जेवण सोडून तो फोन घेऊन जिन्यात जायचा, ती दिसली की आवाज उतरवायचा. एकदा तर तिनं स्वतःच ऐकलं, "आपल्याकडं नको, इकडंच पाठव. कुणाला सांगू नको." कोड बाहेर विकतोय की काय? मन एकदा वाकडं बघू लागलं की देवळातला नंदीही डोळा मारल्यासारखा वाटतो.

त्याला एका शब्दानं न विचारता ती टीमच्या प्रमुख सत्यशीला मॅडमकडं गेली. मॅडम म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत शहानिशा कर. त्यानं लबाडी केली असेल तर उद्यापासून तो इथं नाही.

दुपारी गेटातून टँकर आला. सर्व्हर रूमचं कूलिंग पाण्यावर चालायचं. पाणी संपल्यानं आठवडाभर ती बंद होती आणि टेस्ट इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या मशीनवर चालत होत्या. अजिनाथ ड्रायव्हरला पाईप धरू लागत होता. ती खाली धावली.

"हे काय चाललंय?"

"आपलं मशीन चालू करतोय, ताई. तुझी टेस्ट एकदा त्याच्यावर लाव. भाड्याचं मशीन स्वतःच कुणाचं तरी पाहुणं हाय."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रोसेसर नुकत्याच लागलेल्या पानांचे पत्ते हाताशी ठेवतो. पत्ता हाताशी असला की थेट पानावर जातो, खुणांच्या यादीकडं बघतच नाही, म्हणून खूण तशीच राहते. खऱ्या मशीनवर ते पत्ते लवकर पुसले जातात. पाहुण्याच्या पोटातल्या पाहुण्याकडं ते रेंगाळतात. बदल आणि भाड्याचं मशीन एकाच आठवड्यात आले, आणि तिनं माणसाला धरलं.

टेस्ट लावली. खुणा अगदी थोड्या उरल्या.

"आधी का नाय बोललास?"

"बोललो असतो तर म्हणाली असतीस, बहाणे करतो. तू कशी बघत होतीस, ते काय दिसत नव्हतं व्हय?"

"आणि टँकर?"

"आमच्या घरचा नंबर होता. मायनं इकडं पाठवला. गल्लीत कळलं असतं तर म्हणाले असते, तुम्हाला नको तर आम्हाला द्या. मेंढरं घेऊन ती मामाच्या विहिरीवर गेली, दौलताबादला."

सुकेशनीनं मॅडमसमोर आपला शब्द मागं घेतला. अजिनाथचं नाव साफ झालं. तिनं मात्र त्या दिवशी ओठाशी नेलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

मायबापहो, घरी जाऊन तांब्या तोंडाला लावाल, तेव्हा उन्हातान्हात मेंढरं हाकत गेलेल्या त्या माउलीची आठवण ठेवा. मुक्ताबाई तिचं नाव.