वर्षभर पडीत

पडीत म्हंजे सोडून देल्लं नाही, हे मले माह्या सासऱ्यायनं शिकवलं. थकलेलं माणूस जेवून घटकाभर पडते ना, तसंच वावर पडते, म्हणून ते पडीत, असं ते म्हणत. आमच्या घरी दर सातव्या साली एक वावर पेरत नाही. धनगराच्या मेंढ्या बसवतो, लेंड्या मातीत मुरू देतो, अन् मंग पाहा पुढच्या साली कापसाची पऱ्हाटी.

देवसिंग माहा दीर. सासू गेली तवा पाच वर्षांचा होता, माह्याच हातची भाकर खाऊन वाढला. भोजाई नाही म्हणे मले, याडी म्हणे. आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत याडी म्हंजे माय. नवरा गेल्यावर काळ्या मातीचं चार एकर अन् टेकडीवरचं मुरमाड मीच वाहून राह्यली होती, सातबारा मात्र माह्या अन् देवसिंगच्या नावानं.

मागच्या साली ते काळं वावर पडीत ठेवलं. फुलसावंगीकडच्या मेंढ्या महिनाभर बसवल्या. पीकपाहणी, म्हंजे वावरात काय पेरलं त्याची सरकारी नोंद, आता मोबाइलवर भरा लागते, अन् मले मोबाइलवर फक्त बोलता येते. देवसिंग म्हणे, मी भरतो. चालू पड लिव, म्हंजे या सालापुरती, असं मी त्याले दोनदा बजावलं. त्यानं लिवलं कायम पड.

यंदा उन्हाळ्यात त्यानंच वाटणी काढली. नायकाच्या ओट्यावर तांडा जमला अन् यानं कायम पड लिवलेला सातबारा पुढं केला. म्हणे, भोजाईनं वावर कायमचं टाकून देल्लं, कसणाऱ्याले काळं वावर द्या, तिले टेकडीवरचं मुरमाड पुरे. ज्यायनं बांधावर उभं राहून मेंढ्या पाह्यल्या होत्या, ते बी खाली मुंडी घालून बसले. मले असा राग आला का एकेकाचं नाव घेऊन इचारलं. नायकानं काळं वावर त्याले देल्लं.

लोक उठले तवा मी त्याले अडवलं. मन म्हणे, चुकलाच असंन लेकरू, मोबाइलात भलतंच दाबल्या गेलं असंन.

“देवसिंग, खरं सांग. मी वावराले आराम देऊन राह्यली, हे तुले माहीत नव्हतं का?”

“माहीत होतं,” तो चपला शोधत म्हणाला. “म्हणूनच त घेतलं. यंदा दुपटीनं पिकन.”

चुकला असता त मी पोटात घातलं असतं.