शिंपला, पतंग आणि ताईचा आवाज

ग्रंथपालांच्या दोन्ही जावयांत वाद कशावरून पेटेल याचा नेम नसे, पण तो कुठे जाऊन थांबेल हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. कोणाची कंपनी मोठी?

थोरले जावई शिंपल्याच्या कंपनीत, धाकटे पतंगाच्या. कंपन्यांना चांगली लांबलचक नावं होती, पण घरात त्यांना त्यांच्या खुणांवरूनच ओळखत. शिंपल्याचे फोन निम्म्या जगाच्या खिशात होते आणि पतंगाची यंत्रं लोकांच्या कानात, मनगटावर आणि भिंतींवर. ग्रंथपालांच्या वाट्याला दोन्हीकडचं एकेक आलं होतं. पंचाहत्तरीच्या वेळी थोरल्यांनी शिंपल्याचा फोन दिला. पुढे कान गेल्यावर धाकट्यांनी पतंगाची श्रवणयंत्रं आणली, शेंगदाण्याएवढी. एक नाकारावं तर थोरली मुलगी रुसणार, दुसरं नाकारावं तर धाकटी. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन लेखकांची पुस्तकं ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं एकाच फळीवर शेजारीशेजारी ठेवली होती, आणि पुस्तकांनी कधी कुरकुर केली नव्हती. हेही तसंच चालून जाईल असं त्यांना वाटलं.

दोन वर्षं चाललंही. समोर बसून बोलणाऱ्याचं बोलणं यंत्रांमुळे कळायचं. फोनचं मात्र वेगळं होतं. फोन नुसता कानाशी धरला किंवा मोठ्या आवाजावर टाकला, तर पाण्याखालून कोणी बोलावं तसा बुडबुडा ऐकू यायचा. तो आवाज फोनमधून थेट कानातल्या यंत्रात उतरला तरच शब्द सुटे व्हायचे. दर रविवारी दुपारी समुद्रापलीकडून ताईचा फोन यायचा आणि तिचा वरच्या पट्टीतला खरखरीत आवाज थेट त्यांच्या डोक्यात येऊन बसायचा. "काय रे मुक्या, आहेस ना अजून?" लहानपणी ते फारसे बोलत नसत, म्हणून तिनं ठेवलेलं नाव. त्या नावानं हाक मारणारं माणूस आता जगात तेवढं एकच उरलं होतं.

आणि गेल्या आठवड्यात फोननं परस्पर काहीतरी नवं उतरवून घेतलं. सकाळी पडद्यावर पाटी दिसली. 'आपल्या सुरक्षिततेसाठी हे उपकरण यापुढे ओळखले जाणार नाही.' सुरक्षितता! ऐंशीकडे झुकलेल्या माणसाला त्याच्या सख्ख्या बहिणीपासून कसली आली आहे सुरक्षितता? एकमेकांच्या वस्तू जोडू देण्याचा दोन कंपन्यांमधला करार मोडला होता, एवढंच. तो मोडताना ज्यांच्या कानात एकीची आणि खिशात दुसरीची वस्तू होती, त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

त्यातच शनिवारी ताईचा थोरल्या मुलीला निरोप आला. गळ्यातली गाठ वाईट निघाली होती. सोमवारी शस्त्रक्रिया. स्वरयंत्रच काढून टाकणार. जीव वाचेल, आवाज जाईल. 'रविवारचा फोन नेहमीसारखा करीन. मुक्याला आधी सांगून ठेव, नाहीतर तो फोनवरच हातपाय गाळून बसेल.'

म्हणून रविवारी दोन्ही मुली नवऱ्यांना घेऊन सकाळीच येऊन थडकल्या. आजच्या दुपारनंतर ताईचा आवाज म्हणून काही उरणार नव्हता, आणि तो ऐकायची वाट दोन जावयांच्या हातात होती.

"खोट यंत्रात नाही, साडूभाऊ," थोरले जावई म्हणाले, "तुमच्या कंपनीच्या दानतीत आहे. आमचं दार आम्ही उघडंच ठेवलं होतं."

"दार उघडं होतं, पण उंबरठ्यावर वसुलीला माणूस बसवला होता, तेही सांगा ना!" धाकटे फटकन म्हणाले. मग सासऱ्यांकडे तोंड करून मोठ्यानं, "बाबा, काळजी करू नका. माझा फोन पतंगाचाच आहे. तुमची यंत्रं याला जोडून देतो. दोन मिनिटांचं काम."

यंत्रं कानातून काढून टेबलावर ठेवली गेली, आणि दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. यंत्रं नव्या फोनला जोडायची तर आधी जुन्या फोननं त्यांना सोडायला हवं होतं, आणि जुना फोन तर त्यांना ओळखच दाखवत नव्हता. मग पतंगाच्या कचेरीतून सुटका मागवायची. ती कळ धाकट्यांनी दाबली. पडद्यावर उत्तर आलं, 'आपली विनंती नोंदवली आहे. सुरक्षिततेसाठी तीन दिवस लागतील.'

"तीन दिवस?" धाकटी किंचाळली. "अहो, तुम्ही त्याच कंपनीत आहात ना?"

धाकट्यांनी स्वतःच्याच कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. यंत्रानं त्यांना त्यांचं नाव विचारलं, मग जन्मतारीख, मग ते माणूस आहेत का हेही विचारलं. मग सनईसारखं काहीतरी वाजायला लागलं आणि वाजतच राहिलं.

"ही धून ऑफिसात मतदान घेऊन निवडली होती," धाकटे ओशाळून म्हणाले. "मी हिलाच मत दिलं होतं."

"आता पोटभर ऐका," थोरले म्हणाले. पण त्यांची मजा फार टिकली नाही. थोरलीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्यांनी मुकाट्यानं शिंपल्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथे धूनसुद्धा नव्हती. रविवार असल्याचं एका गोड बाईनं तीन वेळा सांगितलं आणि फोन ठेवला.

झालं. दोघांच्या हातात आता करण्यासारखं काही उरलं नाही, आणि रिकाम्या हातांनी ते पुन्हा मूळपदावर आले.

"यात आमचं नुकसान काही नाही हं," धाकटे म्हणाले. "करार मोडला त्या दिवशी आमचा शेअर सहा टक्क्यांनी चढला. एवढ्यात आम्ही तुम्हाला मागे टाकतो की नाही बघा."

"आमचाही चढला! आणि बाजारात आमची किंमत तुमच्या दीडपट आहे, हे विसरू नका."

"आज आहे. दहा वर्षांनी फोन कोण बाळगणार? सगळं कानात आणि चष्म्यात येणार."

"चष्मा? घातल्यावर माणूस भिंतीवर आपटायचा तो? लोक आठवड्यात परत देऊन गेले. उद्याचा दिवस ज्याच्या खिशात फोन आहे त्याचा, साडूभाऊ."

"तुमच्या फोनमध्ये चार वर्षांत एक कॅमेरा वाढला, बाकी काय झालं?"

ग्रंथपाल एकाच्या ओठांकडून दुसऱ्याच्या ओठांकडे बघत होते. जावयांशी बोलताना ते कधी अहोजाहो सोडत नसत. वाचनालयात चढ्या आवाजात बोलणाऱ्याला ते नुसतं बोट ओठांवर ठेवून गप्प करत, आणि नंतर दिवसभर त्यांना वाटत राही की आपलं जरा जास्तच झालं. आता त्यांची नजर टेबलावर गेली. एका बाजूला दीडपट, दुसऱ्या बाजूला सहा टक्के, आणि मधे हे टेबलावरचे कानातले दोन शेंगदाणे!

"अरे, गप्प बसा!"

आपला आवाज किती चढला हे त्यांना स्वतःला कळलं नाही. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारा माणूस वळून बघायला लागला.

"दोघांचेही भाव चढले म्हणता. चढले कशावर? माझी बहीण उद्या मुकी होणार आणि आज मी तिला ऐकू शकत नाही, त्यावर? अरे, मी हे विकत घेतलं नव्हतं. तुम्ही प्रेमानं दिलंत म्हणून घेतलं. मग ते माझं की तुमच्या मालकांचं? माझं असेल तर माझ्या घरात येऊन रात्रीतून तोडणारे हे कोण? आणि वर म्हणतात, तुमच्या सुरक्षिततेसाठी! चोर निदान असं काही म्हणत नाही!"

जावयांना अरे म्हटल्याचं ग्रंथपालांच्या लक्षात आलं, पण माफी मागावी असं त्यांना या वेळी वाटलं नाही. ते टेबलाजवळ गेले. स्वतःचा शिंपल्याचा फोन त्यांनी पालथा ठेवला. मग धाकट्यांच्या हातातून पतंगाचा फोन घेतला, अजून धून वाजत होती ती बंद केली, आणि तो पहिल्याला चिकटवून ठेवला, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी, भांडलेल्या दोन पोरांना एका बाकावर बसवावं तसं.

"ताई यातून बोलेल. हा ते टिपून घेईल. तीन दिवसांनी यंत्रं याला जोडली गेली की मी ऐकेन. होतं का असं?"

जावयांनी एकमेकांकडे पाहिलं. "होतं," धाकटे हळूच म्हणाले.

"मग एवढा वेळ काय करत होतात?"

ठरल्या वेळी फोन वाजला. थोरलीनं तो उचलून मोठ्या आवाजावर टाकला आणि पुन्हा जागेवर ठेवला. धाकट्यांनी आपल्या फोनवरची लाल कळ दाबली. पालथ्या फोनमधून बुडबुडे यायला लागले. ग्रंथपाल ओळखीच्या चढउतारांची वाट बघत पुढे वाकले, पण त्यातून ताई काही निघेना.

"ताई," ते फोनवर वाकून म्हणाले, "मला आत्ता काही कळत नाही. पण तू बोल. सगळं बोल. मी बुधवारी ऐकेन."

थोरली ऐकत होती. तिनं वडिलांकडे तोंड वळवून सांगितलं, "आत्या म्हणते, मी आत्ता सांगितलेलं तू बुधवारी ऐकायचं, हे लहानपणापासून असंच आहे. त्यात नवीन काय?"

ग्रंथपाल हसले. मग त्यांनी हातानंच खुणावलं. आता मला सांगू नकोस, तिला बोलू दे.

ताई बोलली. खूप वेळ बोलली. ज्यांच्यासाठी ती बोलत होती ते एकटे सोडून बाकी सगळ्या खोलीला ते कळत होतं. ग्रंथपाल चेहरे बघत राहिले. धाकटी मधेच खुदकन हसली आणि तिनं तोंडावर हात धरला. मग थोरले जावई कानापर्यंत लाल झाले, पाठोपाठ धाकटेही, आणि दोघांनी एकदम खाली पाहिलं. ताई कोणाची कानउघाडणी करते आहे हे ओळखायला ग्रंथपालांना यंत्र लागलं नाही. मग कितीतरी वेळ कोणी हसलं नाही. थोरलीनं पदरानं डोळे पुसले. शेवटी बुडबुडे थांबले, आणि एकच लहानसा बुडबुडा आला. तो बहुधा 'मुक्या' होता. बहुधा.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

थोरलीनं मान हलवली. "बाबा, ते तुम्हीच ऐका."

धाकटे जावई उठले, चोरासारखा हात पुढे करून म्हणाले, "बाबा, उद्या ऑफिस आहे. फोन..."

"फोन इथेच राहील." ग्रंथपालांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. "आणि बुधवारी तुम्ही दोघंही इथे हवे आहात. हे चाललं नाही, तर काय करायचं ते दोघांनी मिळून करायचं. माझ्या कानात ताई बोलली, की मग खुशाल सांगा कोण मोठं."

"येतो," थोरले म्हणाले. धाकट्यांनी मान डोलावली. साडूभाऊ म्हणायला कोणी धजलं नाही.

तेवढ्यात छातीशी धरलेला फोन थरथरला. ग्रंथपालांनी पडदा समोर धरला. पाच पोकळ तारे आणि खाली पाटी. 'आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?'

त्यांनी पाटीवर पंजा ठेवला.

"बुधवारी सांगतो," ते फोनला म्हणाले, आणि तो कोणाच्याही हाती न देता खुर्चीत जाऊन बसले.