आठ किलोची अट

शाळेत सगळे तिला लॅबबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिनं विज्ञानाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या आणि द्रावणं मोजून ठेवली. दर सुट्टीत शिक्षकांचा एक गट डोंगररांगेवर चालायला निघायचा, त्यांना ती फाटकातून हात हलवायची. सात दिवसांची वाट. मध्ये ना दुकान ना वस्ती. ज्याचं खाणं त्यानं आपल्या पाठीवर न्यायचं. ती दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. मग मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालायला हरकत नाही, उलट चालाच. पण पाठीवर आठ किलोच्या वर काही घ्यायचं नाही. हे आयुष्यभरासाठी.

दुसरं कुणी असतं तर हाय खाऊन बसलं असतं. लॅबबाईनं दीड वर्ष रोज चालून पाय तयार केले आणि त्रेपन्नाव्या वर्षी गटात नाव दिलं.

गटाचे म्होरके पीटीचे सर. माणूस वाईट नव्हता, पण तोंडात कायम शिट्टी असल्यासारखा बोलायचा. त्यांनी तिला स्टाफरूममध्ये गाठलं आणि हिशोब समजावून दिला, की सात दिवसांचं खाणंच सात-आठ किलो भरतं. वर अंथरूण, कपडे, पाणी. तिचं ओझं उचलायला कुणी रिकामं नव्हतं.

"कुणी उचलू नये," ती म्हणाली. "पण सर, अडचण नक्की माझी आहे की वजनाची?"

सर घुटमळले. शेजारी भूगोलाच्या बाई वह्या तपासत होत्या. त्यांचं पेन थांबलं होतं.

"वजनाची," सर म्हणाले.

"मग नाव राहू द्या. वजनाचं मी बघते."

काय करायचं ते तिला तेव्हाच ठाऊक होतं. दर वर्षी सातवीच्या वर्गासाठी ती बटाट्याच्या फोडी भट्टीत वाळवून पुन्हा तोलून दाखवायची. शंभर ग्रॅमचे वीस-बावीस ग्रॅम उरायचे. पोरं आकडा वहीत उतरवून विसरून जायची. आपल्या खाण्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि डोंगरात झरे आहेत. घरचं पाणी पाठीवरून वाहायचंच कशाला?

ती थोरल्या भावाकडे राहायची. दादा आणि वहिनी, तिसऱ्या मजल्यावरचं घर. एका संध्याकाळी तिनं अन्न वाळवायचं एक जुनं यंत्र घरी आणलं: जाळीचे पाच ट्रे, मागे पंखा, पुढे तापमानाचं एक बटण. सुरू केल्यावर ते तासन् तास घरघरत राहायचं. दादा म्हणाला, घरात विमान उतरवलंस, आता उडणार कधी तेवढं सांग. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणजे कोपऱ्यावरच्या बागेत, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिला घाणा सफरचंदांचा आणि टोमॅटोंचा. तिनं घाईघाईत जाड फोडी केल्या आणि लवकर व्हावं म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं. चार तासांत फोडी वरून कडक झाल्या. खूश होऊन तिनं त्या गरम असतानाच बरणीत भरल्या आणि झाकण घट्ट लावलं. पाचव्या दिवशी बरणीत राखाडी लव आली होती. वरची साल कडक झाल्यामुळे आतलं पाणी आतच कोंडलं होतं.

दादानं ती बरणी जेवणाच्या टेबलावर मधोमध आणून ठेवली. "झाली हौस?"

"बरं झालं इथंच बुरशी आली," ती म्हणाली. "वर डोंगरात आली असती तर उपाशी राहिले असते."

सगळं फेकून तिनं बरणी उकळत्या पाण्यानं धुतली आणि वहीत लिहिलं: प्रयोग पहिला, फसला. कारण, घाई.

दुसऱ्या खेपेला पट्टी घेऊन बसली. प्रत्येक चकती अर्ध्या सेंटिमीटरची, सगळ्या एकसारख्या, कारण जाड-बारीक मिसळलं की बारीक करपते आणि जाड ओली राहते. तापमान साठाच्या आत. दर दोन तासांनी वरचा ट्रे खाली, खालचा वर. वाळलेलं आधी पूर्ण गार होऊ द्यायचं, मग एक चकती मोडून दाबून बघायची; ओल लागली तर परत आत. बरणीत भरल्यावरही आठवडाभर रोज हलवून पाहायचं. काचेला दमटपणा दिसला की पुन्हा यंत्रात. आणि तेलाचा थेंबही नाही, कारण तेल वाळत नाही, नुसतं खवट होतं. असं तिनं गाजर, वाफवलेले वाटाणे, शिजवलेला भात वाळवला. शिजवलेली मसूर टोमॅटोत घोटून कागदावर पातळ पसरली. ती वाळून पापुद्र्यासारखी निघाली.

एकदा शाळेतून यायला उशीर झाला. येऊन बघते तर ट्रे कुणीतरी वेळेवर फिरवलेले. वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती. दादासमोर कशालाच हो किंवा नाही न म्हणणारी बाई. त्या दिवसापासून चकत्या वहिनीच कापू लागली. तिच्या हाताला पट्टी लागत नव्हती.

निघायला पंधरा दिवस उरले असताना एका दुपारी लॅबबाई घरी आली तर यंत्र बंद. ट्रे गार, मशरूम अर्धवट वाळून चिकट झालेले.

"दादा, प्लग तू काढलास?"

"काढला. झोप नाही घरात त्या आवाजानं." तो खुर्चीतून उठला नाही. "आणि खरं सांगू? तू वर डोंगरात पडलीस तर धावायचं कुणी? दवाखान्याच्या बाकावर नऊ दिवस मी बसलोय. तू नव्हतीस बसलेली."

हे त्यानं आजवर कधी काढलं नव्हतं. पण माघार घ्यावी असं तिला वाटलं नाही.

"भीती मलाही वाटते, दादा. पण पाठ दुरुस्त करून घेतली ती चालायला. कपाटात जपून ठेवायला नाही."

मग तिनं एकेक ट्रे, शेवटी यंत्र, असं सगळं स्वतःच्या खोलीत नेलं, प्लग लावला आणि खोलीचं दार बंद केलं. मागून वहिनीचा आवाज आला, दादाला ऐकू जाईल इतका स्पष्ट. "ताई, दार उघडा. दुसरे मशरूम कापून देते."

निघायच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी सरांनी काटा लटकवला. तिची पाठपिशवी भरली सात किलो नऊशे. त्यात सात दिवसांचं खाणं साडेतीन किलो. सरांनी पिशवी काढून पुन्हा अडकवली. काटा तिथंच. त्यांची स्वतःची पिशवी पंधराच्या वर होती.

"वजन ठीक आहे," सर म्हणाले, "पण बाई, वयाचाही विचार..."

"सर, वयात तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहात. आणि स्टाफरूममध्ये तुम्ही वजन म्हणाला होतात."

सगळे इकडेतिकडे बघू लागले. भूगोलाच्या बाई बुटाची नाडी बांधत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "म्हणाले होते. मी होते तिथं."

सर बाजूला झाले.

पहिल्या मुक्कामी तिची फजिती झाली. भात नीट भिजलाच नाही, दाताखाली वाळूसारखा कचकचायला लागला. सर समोरच बसले होते. तिनं तोंड वाकडं न करता एकूण एक दाणा चावून खाल्ला. जबडा दुखला, पण त्यांना बोलायला जागा ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मुक्कामाच्या तासभर आधी ती डब्यात झऱ्याचं पाणी ओतायची आणि मग चुलीवर चांगलं उकळायची. भात मऊ, मसुरीचा पापुद्रा विरघळून दाट, गाजर पुन्हा गाजरासारखं.

चौथ्या दिवशीचा चढ वाईट होता. कमरेतून कळ निघून टाचेपर्यंत जायची. गट पुढं गेला, ती अर्धा तास मागं. माथ्यावर सर थांबले होते. त्यांनी तिच्या पिशवीला हात घातला.

"नको, सर. आता साडेसहासुद्धा नाहीये. रोज थोडं खाऊन कमी करतेय."

सरांनी हात काढून घेतला आणि तिच्या पावलानं चालू लागले. त्या संध्याकाळी त्यांच्या पावाचा चुरा झालेला निघाला. चमचाभर मसूर त्यांनी मागून घेतली, चाखली. मग विचारलं, वाटाणे आधी वाफवावे लागतात का.

सातव्या दिवशी ती सगळ्यांच्या शेवटी, चाळीस मिनिटं उशिरा खाली उतरली. वाकलेली होती, पण आपल्या पायांवर होती. वाट संपते तिथं दादाची गाडी उभी होती. तो सकाळपासूनच येऊन थांबला होता, असं सोबत आलेल्या वहिनीनं हळूच सांगितलं. त्यानं पिशवी उचलली, लावलेला जोर जास्त झाला आणि ती जवळजवळ खांद्यावरून मागं गेली.

"यात काहीच नाही?"

"खाल्लं ना सगळं."

दादानं पिशवी मागे ठेवली. मागचं दार तिच्यासाठी त्यानंच उघडलं. दुखतंय का विचारलं, तिनं हो म्हटलं. दार अलगद लावून तो गाडी चालवायला बसला.

गाडी वळणाला लागल्यावर वहिनी मागे वळली. "ताई, पुढच्या वर्षी माझं नाव द्या सरांकडे."

दादानं गाडी एकदम हळू केली. "आणि सात दिवस माझ्या जेवणाचं काय?"

वहिनी समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "वाळवून ठेवीन. पाणी तेवढं तुम्ही घाला."